आरिफाच्या डोळ्याचा कोपरा

सावे, बेनिन
१९ जानेवारी २०२५

खाला, सलाम.

जेवण होते. भात भेटते, मच्छी भेटते, अन् मिरची अशी की आपल्या घरचा ठेचा तिच्यापुढे मुरब्बा वाटावा. पाणी उकळून पितो. तुह्या मनातलं सगळं पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, आता बाकीचं निवांत वाच.

तुले फोनवर ऐकू येत नाई, अन् व्हिडिओ लावला त तू नुसती माह्या तोंडाकडे पाहून डोळे पुसत बसते. म्हणून हे वहीचं पान. लिहितो, फोटो काढतो, तुह्या सुनेले, अलफियाभाभीले, पाठवतो. ती झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणून तुह्या हातात देईन. तूबी तसंच करजो. सातवीपर्यंत शिकली तू, तुहं अक्षर माह्याहून चांगलं आहे.

काम जमून राह्यलं. कापसातली सरकी काढायचं जिन उभं झालं, रोलर बसले, आता चालवून पाहायचे आहेत. माती इथली लाल आहे, पण कापूस तोच. रुईचा फुफाटा नाकात गेला की मी डोळे मिटतो अन् बाभुळगावात असतो. पण पत्र लिहाले बसलो ते दुसऱ्याच कारणानं.

परवा बाजारात फिरून राह्यलो होतो. एका छपरीजवळून जातानी वास आला. ताज्या तासलेल्या लाकडाचा, खालूच्या छपरीचा वास. माहे पाय तिथंच थांबले. आत एक म्हातारा बसला होता, दोन तळपायांत लाकूड धरून वाकसानं तासत होता. बसणं बी खालूसारखंच, एक गुडघा वर. मले वाटलं आता मान न उचलता म्हणन, फिरोज, कानस आण.

त्याचं नाव लासिसी बाबा. पाच वक्त नमाजी माणूस. तो खालूसारखे लाकडाचे बैल नाई बनवत, मुखवटे बनवते. बाईचं तोंड कोरते अन् त्याच्या वर काहीतरी बसवते. कोणाच्या डोक्यावर शिलाई मशीन, कोणाच्या मोटरसायकल, कोणाच्या साप धरलेला पक्षी. पाऊस लागायच्या आधी इथं बाजारात नाच होते, गेलेडे म्हणतात त्याले. नाचणारे सगळे बापे, पण नेसतात बायकांचं. मुखवटा तोंडावर नाई, टोपीसारखा डोक्यावर ठेवतात, अन् खाली कापडानं स्वतःचं तोंड झाकतात. हे सारं गावातल्या आयांले खूश ठेवाले. आयांचं मन चांगलं त पाऊस चांगला, लेकरं चांगली, असं मानतात इथले लोक.

आमच्या जिनातला फोरमन इब्राहिम दुभाष्या होता. बाबानं विचारलं, तुही आई? मी म्हटलं, मी दीड वर्षाचा असतानी वारली. म्हणे, मंग तिच्या नावाचा एक करू, कशी दिसे सांग.

खाला, मी नुसतं नाव सांगितलं. मले माह्या मायचं नाव माहीत आहे, आरिफा. बस, तेवढंच. निकाहाचा एक फोटो होता, तो अब्बानं दुसरं घर केलं तवा त्यांच्यासंगं गेला अन् तिकडंच हरवला. तू तिची सख्खी मोठी बहीण. तू मले पोटच्या पोरासारखं वाढवलं, साऱ्या गावाच्या गोष्टी सांगितल्या, पण ती कशी दिसे हे कधी सांगितलं नाई, अन् मीबी विचारलं नाई. आता विचारतो. नाक, डोळे, ओठ, सगळं लिही. बाबा लाकूड पाहून ठेवते म्हणे.

तुहा
फिरोज

*

बाभुळगाव
४ फेब्रुवारी

फिरोज, दुवा.

पत्र भेटलं. अक्षर एवढं बारीक आलं की चष्मा लावून वर भिंग धरावं लागलं. पुढच्या टायमाले मोठं लिही, कागद वाचवून तुले काय हवेली बांधायची आहे?

मिरची कमी खा, तुह्या पोटाले सोसत नाई. नाच पाहाले गेला त बाजूनं उभा राह्यजो, मधात घुसू नको. बापे लोकं लुगडे नेसून नाचतात म्हणे, काय बापा, ज्याचं त्याले. तुहा बाबा नमाजी आहे म्हणतं त मी कोण बोलणारी. तुह्या खालूलेबी लोक म्हणत, रहमतभाई, तुम्ही मुसलमान होऊन लाकडाचा नंदी काहून बनवता? ते म्हणत, तान्ह्या पोळ्याले पोट्टं चाकाचा बैल ओढत दारी येते, तुमाले त्यात नंदी दिसते, मले पोट्टं दिसते. अन् रंधा मारत बसत. माहा माणूस गेला तरी त्या छपरीतला भुसा अजून निघून राह्यला. आपल्या आसिमनं तिथं आता वेल्डिंगचं सामान ठेवलं, तरी झाडू मारला की कोपऱ्यातून निघतेच.

तूर निघाली. कोंबडी खुडूक बसली आहे. अलफियाच्या पोरीचा दात पडला, तो तिनं कौलावर फेकाच्या ऐवजी शेजाऱ्याच्या टाकीत फेकला.

आरिफाचं विचारलं तू. गोरी होती. नाक सरळ. डोळे मोठे, केस लांब. चांगली दिसे. तुह्यासारखीच होती समज. गेलेल्या माणसाले अजून काय उकरायचं.

थंडी संपेपर्यंत कान बांधून झोपत जा.

तुही
जोहरा खाला

*

सावे
१२ फेब्रुवारी

खाला, सलाम.

हे पाह्य, मोठं अक्षर. आता भिंग ठेवून दे.

गोरी, नाक सरळ, केस लांब. ही माही माय नाई, ही लग्नाच्या जाहिरातीतली पोरगी झाली. बाबाले वाचून दाखवलं त तो दात नसलेलं तोंड उघडून हसला. म्हणे रंग अन् उंची मले कायले सांगतं, लाकडाले रंग मीच देणार आहे. रागावली की तोंड कसं करे ते सांग. कोणाचं ऐकून घेतानी मान कशी धरे, डोक्यावरचं कापड कसं बांधे, ते सांग. त्याच्यावरून आई ओळखू येते.

खाला, तू एवढी बोलणारी बाई. तुरीचं, कोंबडीचं, दाताचं सारं लिहिलं अन् माह्या मायवर दोन ओळी? मी विचार केला. मले वाटते तुले ते आवडलं नाई. तुले वाटत असन की तिचं तोंड एकदा भेटलं त मी तुहं विसरीन. असं असन त साफ सांग. मी बाबाले नाई म्हणून सांगतो. पण मले इथं एकेकाच्या आईचं तोंड डोक्यावर घेऊन लोक फिरतानी दिसतात, अन् मले रोज वाटते की माहं डोकं रिकामं आहे. हे मी कोणाले सांगू, तुले नाई त?

कान बांधतो.

फिरोज

*

बाभुळगाव
७ मार्च

फिरोज, दुवा.

उत्तर नाई म्हणून तू आसिमले दोनदा फोन केला. मी रागावली नव्हती. मी फिरून राह्यली होती.

तू लिहिलं ते खरं नाई. तू मले विसरशील असं मले कधी वाटलं नाई. खरं काय ते सांगते. मले आरिफाचं तोंड आठवत नाई. एका गोधडीत झोपलो, एका ताटात जेवलो. तिचं नाव घेतलं की बांगड्या वाजतात, खोबरेल तेलाचा वास येते, पण तोंडाच्या जागी काहीच नाई. कवा गेलं तेबी समजलं नाई. कान गेले तवा डॉक्टरले दाखवलं, हे कोणाले दाखवू? तुहं पत्र आलं त मी गोरी अन् नाक सरळ लिहून मोकळी झाली. तसं कोणाचंही असते.

तुहं दुसरं पत्र वाचलं अन् जेवण गेलं नाई. म्हटलं मले आठवत नाई त दुसऱ्या कोणाले आठवत असन. रोजे लागायच्या आधी ऑटोत बसून तांड्यावर गेली, रामसिंगभाऊकडे. त्यांच्या घरातले सारे चाकाचे बैल तुह्या खालूच्या हातचे. लग्नाआधी आरिफा आमच्याकडेच राहे, तिनं त्या घरचं ताक किती पेलं असन त्याले हिशोब नाई.

रामसिंगभाऊ म्हणे, आरिफा लंबी होती, काडीसारखी. त्यांची हंसाबाई चुलीजवळून म्हणे, लंबी कुठली, बुटकी होती, गोल तोंडाची, रंगानं सावळी. झालं. दोघांचं जुंपलं. मले ऐकू येत नाई, हंसाबाई माह्या कानाजवळ येऊन आपली बाजू सांगे, मंग रामसिंगभाऊ दुसऱ्या कानाजवळ. शेवटी हंसाबाई म्हणाली की लंबी अन् काडीसारखी ती पाटलाकडची पाहुणी होती, अन् तुम्ही कोणाकडे पाहत होते ते आज या वयात समजलं. रामसिंगभाऊ बाहेर जाऊन बसले. मी म्हटलं, मी कशाले आली अन् इथं काय लावून दिलं.

जाता जाता हंसाबाईनं फळीवरून बैल काढला. त्यांच्या पोराचा, शामचा, लहानपणचा. आता शामचे पोट्टे ओढतात. एक शिंग मोडलं, चाकं दोनदा बदलली, अंगाचा रंग उडून लाकूड दिसते. पण डोळा जसाच्या तसा.

फिरोज, तो डोळा आरिफाचा आहे. तुहे खालू बैल कोरत, मी अंगाले रंग देत होती, अन् डोळे फक्त आरिफा काढे. काजळीत डिंक घालून, खारीच्या शेपटीच्या केसाचा ब्रश करून. समोर हातातला आरसा ठेवे अन् स्वतःचा डोळा पाहून बैलाले काढे. बाहेरचा कोपरा असा वर उचले, अन् त्याच्यात एक बारीक पांढरा ठिपका. तुहे खालू म्हणत, आरिफा, बैलाले असा डोळा नसते. ती म्हणे, बैलाले नसन, मले आहे. अन् एकाच रेघेत काढे, हात उचलत नव्हती.

मी तो बैल मांडीवर घेऊन बसली. तोंड नाई आठवलं. पण तिचं मनगट आठवलं, ब्रश धरलेलं. मले खूप रडू आलं. हंसाबाईनं काही न विचारता चहा ठेवला.

शामच्या पोट्ट्याजवळून पतंगाचा कागद घेतला, बैलाच्या डोळ्यावर ठेवला अन् पेन्सिलीनं काढून आणला. त्याचा फोटो अलफियानं सोबत लावला आहे. डोळा पक्का तिचा. बाकीचं मले येत नाई, तूच पाह्य.

तुही
खाला

*

सावे
३ एप्रिल

खाला, ईद मुबारक.

तुह्या पत्राचं प्रिंट काढून मी खिशात ठेवलं होतं, जिनात तेल लागून मधातली ओळ गेली. तरी पाठ आहे मले.

डोळ्याचा कागद बाबाले दिला. त्यानं तो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला, अन् इब्राहिमले म्हणे, हा हात मले छपरीत पाहिजे होता. रोज्यात बाबा सकाळीच काम करे, दुपारी खाटेवर पडून राहे. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसत होतो. तोंडाचं काय करायचं विचारलं त म्हणे, तू बोलत राह्य, मी कोरतो. तुले न्हाऊ घालतानी काय होत होतं, मार कसा भेटे, ताप आला त काय, ते सांग. मी सांगत गेलो, तसंच तोंड करून दाखवत गेलो. इब्राहिम सांगता सांगता थकून जाय. बाबा माह्या तोंडाकडे पाही अन् वाकस मारी. म्हणे अर्धी आई पोराच्या तोंडावरच राहते.

लाकूड आपल्या पांगाऱ्यासारखं हलकं, पांढरं. परवा रंग झाला. डोक्यावर काय बसवू म्हणून विचारलं त मी म्हटलं बैल, चाकाचा. बाबानं बैल पाह्यले होते, चाकाचा बैल कधी ऐकला नव्हता. मी जमिनीवर काढून दाखवला. मंग तान्हा पोळा सांगितला, पोट्टे दारोदार कसे जातात, लोक त्यांले बोजारा म्हणून खाऊ-पैसे कसे देतात. त्याले एवढं आवडलं की त्यानं चाकं खरीखुरी फिरणारी केली.

फोटो लावला आहे, पाह्य. ही माही माय. हिचे डोळे वर उचललेले आहेत, अन् मी हिच्याकडे पाह्यलं की ही मलेच पाहते. मले लहान लेकरासारखं वाटून राह्यलं, खाला. काम संपलं की तान्ह्या पोळ्याच्या आधी घेऊन येतो. खालूच्या छपरीत खिळा ठोकून ठेव.

फिरोज

*

बाभुळगाव
९ एप्रिल

फिरोज, दुवा.

फोटो पाह्यला. पहिले अलफियानं पाह्यला अन् ती हसाले लागली. मंग आसिमनं पाह्यला, तोबी हसला. मले समजेना. अलफियानं भिंतीवरचा आरसा काढून माह्यासमोर धरला अन् फोटो बाजूले ठेवला.

अरे पोट्ट्या, ते तोंड माहं आहे.

तो खालचा ओठ दाताखाली धरला आहे, सुई ओवतानी धरते तसा. ती डावी भुवई वर. हनुवटीवरचा तीळ बी काढला त्या बाबानं, तूच सांगितला असन. अन् ओढणी कानाच्या मागून घेतलेली, ती मी कान गेल्यापासून तशी घेते, आवाज यावा म्हणून. आरिफा तशी कधी घेत नव्हती. तुले न्हाऊ घालणारी मी, मारणारी मी, तापात बसणारी मी. तू माहंच सांगत गेला अन् त्यानं माहंच कोरलं. डोळे तेवढे तिचे.

आसिम म्हणे, अम्मी, खूश हो. मी खूश नाई. तू ऐक आता. तू बोलाले लागला तवा पहिला शब्द तुह्या तोंडात अम्मी आला. माह्याकडे पाहून म्हटलं तू. मी तुह्या तोंडावर बोट ठेवलं अन् म्हटलं, खाला म्हण. तू रडला. तुहे खालू म्हणाले, जोहरा, म्हणू दे ना, लेकरू आहे. मी नाई म्हणू दिलं. ती जागा तिची होती. ती मातीत गेली, पण तिची जागा मी कोणाले घेऊ दिली नाई, मीबी घेतली नाई. इतकी वर्षं मी ती राखली. अन् तू तिच्या नावाच्या लाकडात माहं तोंड बसवून टाकलं.

हे मले चालत नाई. त्या बाबाले सांग, ओठ सरळ कर, भुवई खाली घे, तीळ काढून टाक. ओढणी बी. काय कोरायचं ते कोर, पण माहं तोंड काढ. तिच्याजवळ दुसरं काय आहे, फिरोज? ना फोटो, ना कोणाची आठवण. एक तुही अम्मी म्हणून तिचं नाव होतं, तेबी मी खाल्लं असं होईन.

खिळा ठोकला आहे. बदलून आण.

खाला

*

सावे
११ मे

खाला, सलाम.

महिना झाला मी लिहिलं नाई. नाच होईपर्यंत थांबलो होतो. आता सांगतो, पण ते तुले आवडन की नाई माहीत नाई.

पत्र आल्या आल्या मी बाबाकडे गेलो. त्याले म्हटलं, चूक झाली, हे माह्या मायचं तोंड नाई, खालाचं आहे, तासून दुसरं कर. बाबा म्हणे आता नाई होत. रंग झाला, गावच्या म्हाताऱ्या आयांनी येऊन पाणी शिंपडलं, आता त्याले लोखंडाचं हत्यार लावत नाईत. अन् म्हणे, ती बाई जिती आहे हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. मेलेल्या माणसाचं सांगतानी पोरगा एवढं हसत नाई.

मंग मी माही दुसरी चूक समजलो. मले वाटत होतं मुखवटा माहा, मी बनवून घेतला, मी गुंडाळून घेऊन जाईन. इब्राहिमले बोललो त म्हणे, असं नाई होत. इथं मुखवटा कोणाच्या घरचा नसते. तो नाचणाऱ्यांच्या मंडळाच्या घरी राहते, दरवर्षी नवा रंग लागते, दरवर्षी नाचते. अन् मेलेल्या आयांसाठीच असते हेबी मीच मनानं धरून बसलो होतो. तो नाच बाजारात बसलेल्या जित्या म्हाताऱ्यांसाठी बी असते. त्यांच्याच समोर नाचतात.

मी म्हटलं, मंग माह्या मायचं काय? बाबा उठला अन् मागच्या पोत्याखालून दुसरं काढून आणलं. तसंच तोंड, तोच डोळा, तोच बैल. एकाच खोडाचे दोन तुकडे त्यानं जानेवारीतच काढून ठेवले होते. गेलेडे जोडीनं नाचते, खाला. एकटा मुखवटा नाचतच नाई. हे इथल्या शेंबड्या पोट्ट्याले ठाऊक, मलेच नाई. अन् मी बैल बनवणाऱ्याच्या घरचा, जोडी म्हणजे काय हे मले विचारावं लागलं.

परवा नाच झाला. पाऊस अजून आला नाई, फुफाटा होता. म्हाताऱ्या समोर खुर्च्यांवर बसल्या होत्या, पहिल्या रांगेत. ढोल लागले. जोड्या येऊ लागल्या, पायात लोखंडाचे चाळ, असे की जमीन हालते. आपली जोडी आली तवा लोक बैलाची चाकं पाहून हसाले लागले, मंग टाळ्या वाजवाले लागले. दोघी सारख्या वळत होत्या, सारख्या थांबत होत्या. एकीनं मान वळवली की दुसरीची वळे.

इथं अशी रीत आहे की ज्यानं मुखवटा दिला त्यानं समोर येऊन हाक मारायची, मंग ते पूर्ण नाचतात. गेलेल्या आईले नावानं, अन् जित्या आईले नात्यानं, कारण तिचं नाव पोरगा घेत नाई. मी पुढे गेलो. उजवीकडच्या मुखवट्याले म्हटलं, आरिफा. जोरात म्हटलं. मंग डावीकडे पाह्यलं. खाला, माह्या तोंडावर तिथं कोणी बोट ठेवलं नाई. मी अम्मी म्हटलं.

माफ करजो. तिची जागा कोणी घेतली नाई. ती आधी नाचली, तू तिच्या मागून आली.

मुखवटे इथंच राहतील. मी रिकाम्या हातानं येईन. व्हिडिओ भाभीले पाठवला आहे.

फिरोज

*

बाभुळगाव
२५ ऑगस्ट

फिरोज, दुवा.

तुहं काम लांबलं, तू तान्ह्या पोळ्याले आला नाई. परवा झाला. मी लिहीन लिहीन म्हणत राह्यली.

व्हिडिओ पाह्यला होता, किती वेळा ते अलफियाले विचार. मले आवाज नाई आला. पण त्या दोघींच्या पायाखालून धूळ उडे, त्याच्यावरून चाळ कसे वाजत असतील ते समजे. तू पुढे जाऊन तोंड उघडलं तेबी दिसलं. काय म्हटलं ते तू लिहिलंच आहे. राग होता की काय होतं, मले नाव नाई देता येत.

मंग मोबाईल घेऊन तांड्यावर गेली, हंसाबाईले दाखवाले. म्हटलं, पाह्य, या पोट्ट्यानं आरिफाच्या जागी मले बसवलं. हंसाबाईनं पदरानं काच पुसली. एकदा पाह्यलं, पुन्हा पाह्यलं. मंग माह्या कानाजवळ आली अन् म्हणाली, "जोहरा, आरिफा म्हातारी झाली असती त अशीच दिसली असती."

रामसिंगभाऊ आले, त्यांनीबी पाह्यलं, अन् या टायमाले दोघांचं भांडण झालं नाई.

तिथून घरी आली. आसिमले म्हटलं, वेल्डिंगचं सामान उचल, छपरी झाडून दे. खालूचे दोन बैल कोरून पडले होते, डोळ्याशिवायचे. आरिफा गेली त्या साली त्यांनी ते तसेच ठेवले होते, म्हणत, डोळे कोण काढन; पुढच्या बैलांले नुसते ठिपके देत. मी काजळी केली, डिंक घातला. खार काही भेटली नाई, अलफियाच्या पोरीच्या केसाचा ब्रश केला. पतंगाचा कागद पाहून काढाले गेली त रेघ मोडे. मंग कागद ठेवून दिला अन् आरसा समोर घेतला, तिच्यासारखा. आपलाच डोळा पाह्यला अन् काढला. एका रेघेत आला. कोपरा वर उचललेला आला.

मी बैल खाली ठेवला अन् आरशात पाहत बसली. फिरोज, मी तिले कुठं कुठं हुडकत होती, अन् ती रोज सकाळी माह्यासमोर वेणी घालत होती. आम्ही बहिणी होतो, हेच मी विसरली.

पोळ्याले ती जोडी दारात ठेवली. गल्लीतले पोट्टे आले, रामसिंगभाऊचे नातू बी आले. एकानं विचारलं, आजी, तुमच्या बैलाचे डोळे बाईसारखे काहून आहेत? मी म्हटलं, बैलाले नसतात, आम्हाले आहेत. त्याले बोजारा म्हणून दोन लाडू दिले.

एक गोष्ट सांगून ठेवते. तिथं एकदा अम्मी म्हटलं, मले ऐकू येणार नाई इतक्या दूर, तेवढं पुरे. घरी आला की खालाच म्हण. या वयात मी नवीन हाकेले ओ द्याले कुठं शिकू.

खिळा रिकामा आहे, राहू दे. मुखवटे तिकडंच राहू दे, जोडी तोडू नको. फक्त बाबाले सांगून ये, पुढच्या साली नवा रंग देतील तवा डोळ्याचा कोपरा वर उचलाले विसरू नका म्हणाव. नाई त आरिफा नाराज होते.

तुही
खाला